सतरा चाकू आणि कापराचा वास

जानेवारीत ताईंचा फोन आला. “दादा, बाबांच्या चाकूंच्या मुठींना तडे गेलेत. आणि पात्यांवरचा गंज काही केल्या थांबत नाही. एकदा येऊन बघाल का?”

फोन ठेवला तरी ते डोक्यातून जाईना. या दोन तक्रारी एका डब्यात नांदत नाहीत. शिंगाच्या मुठीला तडा जातो तो हवा फार कोरडी झाली की. पोलादाचं पातं गंजतं ते हवा दमट असली की. एकाच डब्यात, एकाच महिन्यात, दोन्ही कसं?

जुने खिशातले चाकू दुरुस्त करायचं काम मी हौसेने गेली वीस वर्षं करतोय. सांबरशिंगाच्या मुठीचे चाकू हा त्यातला माझा सगळ्यात जिव्हाळ्याचा विषय. हे प्रकरण सविस्तर लिहायचं कारण असं, की संग्राहकाच्या घरात होणाऱ्या बहुतेक चुका इथे एका डब्यात सापडल्या आणि सगळ्यांचं मूळ एकच निघालं: मूठ नेमकी कशाची आहे हे कुणी कधी पाहिलंच नव्हतं. कुटुंबाची परवानगी घेऊन लिहितोय. नावं मुद्दाम गाळली आहेत.

डबा

काका, म्हणजे ताईंचे बाबा, आता ८४ वर्षांचे आहेत. गोदीत फिटर होते. परदेशी बोटींवरच्या खलाशांशी ओळखी होत, कुणाचं लायटर दुरुस्त करून दे, कुणाच्या घड्याळाचा पट्टा बसवून दे, आणि त्या बदल्यात कधी पैशाने, कधी अदलाबदलीने चाकू मिळत. उरलेले चोर बाजारातले. पहिला चाकू त्यांनी १९६८ साली घेतला, शेवटचा १९९१ मध्ये. एकूण सतरा.

घरात या संग्रहाचं कौतुक कधीच झालं नाही. मुंबईत ‘चाकू’ म्हटलं की लोकांना रामपुरीच आठवतो. चाळीत कुणी विचारलं तर काकू सांगायच्या, “त्यांचं जुनं सामान आहे हो, गोदीतलं.” चाकू बिस्किटांच्या मोठ्या पत्र्याच्या डब्यात, जुन्या धोतराच्या तुकड्यांत गुंडाळून, देवघराच्या खालच्या कप्प्यात असायचे. काका वर्षातून एकदा, दसऱ्याला, ते बाहेर काढायचे, पुसायचे, हळदकुंकू लावायचे आणि खोबरेल तेलाचं बोट फिरवून परत ठेवायचे. डोळे अधू झाले तसं तेही थांबलं.

काकांनी एक गोष्ट मात्र फार चांगली केली होती. त्यांनी वही ठेवली होती. लाल कापडी बांधणीची, रकाने आखलेली: तारीख, कुठून, किती रुपये, पाती किती, मूठ कशाची. फिटरचं अक्षर, एकही खाडाखोड नाही. मी बरेच संग्राहक पाहिलेत. लाखभर रुपयांचा माल कपाटात आणि कागद एक नाही, असेच बहुतेक. या वहीचं मोल पुढे येईल.

गिरगावातली चाळ पुनर्विकासाला गेली आणि बिऱ्हाड दहिसरला भाड्याच्या जागेत आलं. सामान लावताना, ऐन ऑगस्टमध्ये, डबा कित्येक वर्षांनी उघडला गेला. नऊ पात्यांवर गंज होता. ताईंच्या मुलाने इंटरनेटवर वाचून उपाय केला. स्वयंपाकघरातला रबरी कडा असलेला हवाबंद डबा घेतला, त्यात सतराही चाकू ठेवले आणि सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या. चांगल्या चौदा. डबा बंद. डिसेंबरात उघडला तेव्हा तीन मुठींना खिळ्यापासून टोकापर्यंत तडे होते आणि चार पात्यांवरचा गंज आधीपेक्षा वाढला होता.

मुलाच्या हेतूत खोट नव्हती. आजोबांची वस्तू वाचवायला धावला होता. त्याच धांदलीत एका तड्यात त्याने झटपट चिकटणारा गोंदही सोडला होता. त्याची वाफ बसून मुठीवर पांढरी बुरशी आल्यासारखा थर जमला होता.

पहिली भेट

मी डबा उघडला आणि नाकाशी कापूर आला.

“काकू, यात कापूर ठेवलात का? किडीसाठी?”

“छे हो. कापूर तिथे देवघरात, डबीत. इथे कशाला ठेवीन? पण वास येतो खरा. जुन्या डब्यालाही यायचा. मला वाटायचं, देवघराखाली आहे म्हणून असेल.”

दहिसरच्या घरात देवघर दुसऱ्या खोलीत होतं आणि डबाही नवा होता. म्हणजे वास चाकूंबरोबर आला होता. मला तिथेच अर्धं उत्तर मिळालं. पण घाईने निदान करायचं नाही, ही सवय मी स्वतःला लावून घेतली आहे. डब्यात छोटा आर्द्रतामापक टाकून झाकण लावलं आणि तासाभराने पाहिलं: १८ टक्के. मुंबईच्या जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. ऑगस्टमधल्या त्या हवेतून या मुठी उचलून थेट वाळवंटात नेऊन ठेवल्या होत्या. तड्यांचं कारण समजलं. शिंग आणि हाड पाणी शोषतं आणि सोडतं. पाणी सोडताना आकसतं, पण पितळी खिळा आणि पोलादी चौकट आकसत नाही. ओढाताण होते ती खिळ्याच्या भोकाशी, आणि तडा तिथूनच सुरू होतो.

गंजाचं काय? १८ टक्क्यांत पोलाद सहसा गंजत नाही. तरी चार पाती गंजत होती. मी सगळे चाकू पांढऱ्या कागदावर, डब्यात जसे होते तसेच मांडले. ते चारही चाकू एका चाकूच्या भोवती होते.

मुठी

इथे थोडं थांबून मुठींबद्दल बोलायला हवं, कारण बाकी सगळं यावरच उभं आहे.

मराठीत आपण सगळ्यालाच शिंग म्हणतो. रेड्याचंही शिंग आणि सांबराचंही शिंग. पण या दोन वस्तू मुळातच वेगळ्या. रेड्याचं शिंग जन्मभर डोक्यावर असतं आणि ते नखाच्या जातीचं. जळालं तर केस जळल्याचा वास येतो. सांबराचं शिंग म्हणजे निव्वळ हाड. ते फक्त नराला येतं, दरवर्षी गळतं आणि नव्याने वाढतं. आपल्या आज्यांना हा फरक हाताने ठाऊक होता. छातीत किंवा पाठीत भरून आलं की सहाणेवर सांबरशिंग उगाळून गरम लेप लावत, आणि रेड्याच्या शिंगाला त्यासाठी कुणी हात लावत नसे.

चाकू बनवणाऱ्यांना सांबराचंच शिंग का हवं होतं? कारण ते आतून भरीव असतं. बहुतेक हरणांच्या शिंगात मधला सच्छिद्र गाभा मोठा असतो आणि बाहेरची कठीण भिंत पातळ. सांबरात उलट: भिंत जाड, गाभा लहान. त्यामुळे कापून, घासून, खिळे मारूनही मुठीची पट्टी मजबूत राहते आणि बाहेरची खडबडीत, तपकिरी-काळी साल तशीच ठेवता येते. ओल्या हातातूनही ती सटकत नाही. इंग्लंडमधलं शेफील्ड, जर्मनीतलं झोलिंगन आणि पुढे अमेरिकेतले चाकू-कारखाने, सगळीकडे भारतातून गेलेल्या या शिंगाला मान होता. तिकडचे संग्राहक आजही त्याला ‘इंडिया स्टॅग’ म्हणतात. १९९० च्या दशकाच्या अखेरीस भारताने निर्यात बंद केली, आणि तेव्हापासून जुन्या चाकूंची किंमत बाहेर चढत गेली.

काकांच्या वहीत अकरा चाकूंपुढे ‘सांबर’ लिहिलेलं होतं. मी प्रत्येक मूठ दहा पट भिंगाखाली पाहिली. नोटा तपासायला दुकानदार वापरतात तो जांभळा टॉर्चही मारला. दोन तास गेले. काका समोर बसून होते, मधूनच एखादा चाकू हातात घेत आणि अंगठ्याने मूठ चाचपून सांगत, “हा नाखवा म्हणायचो त्या खलाशाचा. हा शुक्रवारच्या बाजारातला.” एकही चुकले नाहीत. पात्यावरची नख अडकवायची खाच बोटाला लागली की त्यांना चाकू ओळखता येई. आणि उघडताना मागच्या स्प्रिंगचा जो ‘टक्’ आवाज होतो त्यावरून तर खोलीच्या दुसऱ्या टोकाहून सांगत.

अकरापैकी सहा मुठी खऱ्या शिंगाच्या निघाल्या. चार हाडाच्या, एक साच्यातल्या प्लास्टिकची. ‘सांबर’ न लिहिलेल्या उरलेल्या सहांत तीन हाडाच्या, एक रेड्याच्या शिंगाची, एक प्लास्टिकची आणि एक सेल्युलॉइडची (त्याबद्दल पुढे).

कसं ओळखलं ते सांगतो. खऱ्या शिंगाच्या सालीवरच्या सरी झाडाच्या सालीसारख्या वाहत जातात. खोल-उथळ, मध्येच फुटणाऱ्या, आणि डाव्या-उजव्या पट्टीवर कधीच एकसारख्या नसतात. पट्टीची कड पितळेला जिथे टेकते तिथे भिंगाने पाहिलं तर गाभ्याचा भाग अनारशाच्या जाळीसारखा दिसतो. हाडाच्या मुठीवरचा खडबडीतपणा यंत्राने कोरलेला असतो. नीट पाहिलं तर एकाच हत्याराचे, एकाच कोनातले घाव पुन्हा पुन्हा दिसतात. घासलेल्या जागी बारीक काळे ठिपके आणि रेघोट्या असतात, त्या जनावर जिवंत असताना हाडातून रक्त वाहून नेणाऱ्या नळ्यांच्या. प्लास्टिकच्या दोन्ही पट्ट्यांवर मात्र तोच डाग त्याच जागी असतो, कारण साचा एकच. जांभळ्या प्रकाशात हाड आणि शिंग निळसर पांढरं उजळतं. या दोन प्लास्टिकच्या मुठी तशाच मंद राहिल्या. तापवलेली सुई टोचून बघायची जुनी पद्धत काही जण अजून सांगतात. जुन्या चाकूवर ती कधीही करू नका. भोक कायमचं राहतं.

एका चाकूने तर काम सोपंच केलं. १९७४ ची नोंद, ‘अमेरिकन बोट, ३० रु., सांबर’. पात्याच्या बुडाशी ‘केस’ या अमेरिकन चाकू-कंपनीचा शिक्का आणि खाली आकडा: ६२५४. केसच्या आकड्यात पहिला अंक मुठीचा असतो, दुसरा पात्यांच्या संख्येचा, उरलेले नमुन्याचे. पाच म्हणजे खरं हरणाचं शिंग आणि सहा म्हणजे हाड. पन्नास वर्षं उत्तर पात्यावरच लिहिलेलं होतं.

हे काकांना सांगणं मला जड गेलं. माणूस ८४ वर्षांचा, धड दिसत नाही, आणि मी सांगतोय की तुमच्या अकरा सांबरांतली पाच सांबरं नाहीत. मी त्यांना हेही सांगितलं, आणि ते खरंच आहे, की यात त्यांना कुणी गंडवलंच असेल असं नाही. शिंगासारख्या कोरलेल्या हाडाला तिकडच्या व्यापारातच ‘बोन स्टॅग’ म्हणायची पद्धत होती. खलाशी ‘स्टॅग’ म्हणाला, काकांनी ‘सांबर’ लिहिलं. काका जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “गोदीत आम्हाला शिकवलं होतं, मोजल्याशिवाय लिहू नका. हे मी मोजलं नाही.”

१९६८ चा पहिला चाकू मात्र अस्सल. शेफील्डच्या जोसेफ रॉजर्सचा, पात्यावर चांदणी आणि माल्टीज क्रॉस (आठ टोकांचा क्रूस), दोन्ही खुणा स्वच्छ. रॉजर्सचं नाव हिंदुस्थानात एवढं चाललं की त्याच्या नकलांचा सुळसुळाट झाला. काकांकडेच दुसरा एक ‘रॉजर्स’ आहे, त्याच्या इंग्रजी स्पेलिंगमधला डी गायब आहे. पहिल्याच्या मुठीवर मात्र सांबराची अशी साल, की अंगठा आपोआप त्या सरीत जाऊन बसतो. काकांचा अंगठा तिथे पंचावन्न वर्षं बसतोय. तेवढी जागा गुळगुळीत, मधाच्या रंगाची झाली आहे. तडा गेलेल्या तिनांत हाही होता.

कापूर

आता त्या मधल्या चाकूकडे. वहीत त्याच्यापुढे मुठीच्या रकान्यात ‘कासव?’ असं लिहिलेलं, प्रश्नचिन्हासकट. पिवळसर-तपकिरी, कासवाच्या पाठीसारखे ढग असलेली मूठ. एका टोकाला बारीक जाळीसारख्या चिरा, बोट लावलं तर किंचित चिकट. भिंगाखाली चिरांत चौकोनी तुकडे पडत चाललेले दिसले. नाकाजवळ नेला आणि कापूर.

सेल्युलॉइड. नायट्रिक आम्लाची प्रक्रिया केलेला कापसाचा लगदा आणि कापूर यांपासून बनलेलं, एकोणिसाव्या शतकातलं प्लास्टिक. हस्तिदंत, कासवाची पाठ, शिंग, सगळ्याच्या नकला यात निघाल्या. टेबल टेनिसचे जुने चेंडू याचेच. जुन्या चित्रपटांच्या फिती त्याच्या अगदी सख्ख्या नात्यातल्या. २००३ साली पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात जुन्या फितींना आग लागली ती आठवत असेल. त्या फितींमधला आणि या मुठीमधला मूळ पदार्थ तोच.

सेल्युलॉइड म्हातारं झालं की सडायला लागतं. आधी कापूर उडून जातो, तोच वास काकूंना वर्षानुवर्षं येत होता. मग नायट्रोजनचे आम्लधर्मी वायू सुटतात. ते स्वतःच्या पात्याला खातात आणि शेजारच्यांनाही. पत्र्याच्या जुन्या डब्याचं झाकण सैल होतं, वायू थोडाफार निघून जायचा. हवाबंद डब्यात तो कोंडला गेला. सिलिका जेलने पाणी खेचलं, पण आम्ल तिथेच राहिलं. म्हणून भोवतालचे चार चाकू कोरड्या डब्यातही गंजत होते.

ताईंना हे समजावताना मी कागदावर वर्तुळं काढली: मध्ये सेल्युलॉइड, बाजूला चार. त्या एकदम म्हणाल्या, “आणि हे आम्ही चाळीस वर्षं समईखाली ठेवलं होतं?” हो. सेल्युलॉइड भडकन पेटतं. काही झालं नाही हे नशीब.

बाकीच्या पाच पात्यांवरचा गंज मात्र साधा, पावसाळ्याचा. त्यात दसऱ्याच्या खोबरेल तेलाचाही हात होता. खोबरेल तेल जुनं झालं की खवट होतं, आम्ल धरतं, पितळेला हिरवा मेणचट थर आणतं. सांध्यात धूळ धरून डिंकासारखं बसतं. हळदकुंकवाचे कणही त्यातच अडकले होते.

काय केलं

सेल्युलॉइडचा चाकू त्याच दिवशी वेगळा केला. कागदी पाकिटात, हवा खेळत्या कपाटात, स्वयंपाकघर आणि देवघर दोन्हींपासून लांब. त्याला वाचवता येत नाही, सडण्याचा वेग तेवढा कमी करता येतो. काका म्हणाले, टाकू नका. नाही टाकला.

गंजाचं काम संथ असतं आणि संथच असायला हवं. ही जुनी पाती साध्या कार्बन पोलादाची, न गंजणारं पोलाद १९१३ नंतरचं आणि खिशातल्या चाकूंत ते सर्रास यायला बराच काळ गेला. कार्बन पोलादावर वापराने जो गडद राखाडी रंग चढतो तो गंज नव्हे. तो पात्याचं कवच आहे. तो घासून चकचकीत करणारे लोक पाहिले की माझा जीव कळवळतो. काढायचा तो फक्त लाल, बोटाला लागणारा गंज. शिलाई मशीनचं तेल टाकून दोन दिवस ठेवायचं, मग बांबूच्या टोकदार काडीने आणि अगदी बारीक पितळी तारेच्या लोकरीने हलकेच. सांध्यातलं खोबरेल तेल काढायला तेच मशीनचं तेल पुन्हा पुन्हा घालून, पातं उघडझाप करून, काळं पाणी येणं थांबेपर्यंत पुसत राहायचं. मुठीला तेल लागू द्यायचं नाही. शेवटी पात्यावर आणि मुठीवर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा (खनिज तेलापासून केलेल्या बारीक कणांच्या मेणाचा) पातळ हात.

तड्यांसाठी मी काहीच भरलं नाही. ताईंना ते पटेना. “निदान भेगा भरायची लांबी तरी लावा.” पण तडा हा आकसण्याने आला होता. शिंग पुन्हा पाणी धरेल तसा तो मिटू शकतो, आणि आत लांबी भरली असेल तर मिटायला जागा उरत नाही. चौदा पुड्यांतल्या दोन ठेवल्या. आर्द्रता आठवड्याला चार-पाच टक्के अशी चढू दिली. ओलं फडकं ठेवायचं नाही हे मी तीनदा सांगितलं, कारण एकदम ओल मिळाली तर साल फुगते, गाभा मागे राहतो आणि दुसराच तडा जातो. दर रविवारी ताई मला आकड्याचा फोटो पाठवायच्या. २३. २७. ३१. मार्च सरता सरता ५० ला स्थिरावलं. हाडाशिंगाला ४५ ते ५५ मानवतं.

पहिल्या रॉजर्सचा तडा केसाएवढा राहिला, नखाला लागत नाही. दुसऱ्याचा अर्धा मिटला. तिसरा, गोंद सोडलेला, तसाच आहे.

पार्सल

खरा कठीण भाग याच्यानंतर आला. काकांचा मोठा नातू न्यू जर्सीत असतो. त्याला आजोबांचे चाकू हवे होते. तिकडे अशा चाकूंचे मेळावे भरतात, कदर आहे. ताईंनी कुरियरवाल्याला बोलावलंही होतं. सामानाच्या यादीत ‘जुने चाकू, शिंगाची मूठ’ लिहिलं होतं. मी त्या दिवशी योगायोगाने मशीनचं तेल द्यायला गेलो होतो म्हणून पार्सल राहिलं.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सांबर संरक्षित आहे, आणि त्याच्या शिंगापासून बनवलेली वस्तूही त्यात येते. ती परवानगीशिवाय विकता येत नाही, भेट देता येत नाही, फेकून किंवा मोडून नष्टही करता येत नाही. देशाबाहेर पाठवणं तर बंदच. “पण शिंग तर आपोआप गळतं ना दादा? कुणी सांबर मारलं नसेल,” ताई म्हणाल्या. हा प्रश्न सगळेच विचारतात, आणि रास्त आहे. गळालेल्या शिंगाचं बूड गोलसर, बंद असतं. मारलेल्या जनावराच्या शिंगाला कवटीचं हाड चिकटलेलं असतं. अख्खं शिंग समोर असेल तर फरक कळतो. पण एकदा करवतीने पट्ट्या कापल्या, खिळे मारले, की जगातला कुणीही तज्ज्ञ सांगू शकत नाही की हे शिंग रानात पडलेलं सापडलं की गोळी घालून मिळवलं. गळालेल्या शिंगाच्या नावाखाली मारलेलं शिंग विकता येत होतं, बंदी त्यासाठी आहे. आणि गळालेलं शिंगही रानात वाया जात नाही. साळिंदरं ते कुरतडून खातात, त्यांना त्यातून कॅल्शियम मिळतं.

मला स्वतःला ही बंदी मान्य आहे, मनापासून. दहिसरच्या त्या खिडकीतून जो डोंगर दिसतो तो राष्ट्रीय उद्यानाचा. तिथे सांबरं आहेत. मी पहाटे तिथे चालायला जातो आणि बिबट्याची चाहूल लागल्यावर सांबर जो खणखणीत इशारा देतं तो ऐकला आहे. आपल्या हातातली मूठ त्या आवाजाच्या धन्याची आहे हे ज्याला कळतं त्याने निदान बाजार चालू ठेवू नये.

२००३ साली केंद्र सरकारने १८० दिवसांची मुदत देऊन अनुसूचीतल्या काही प्राण्यांच्या घरात असलेल्या वस्तू जाहीर करायला सांगितलं होतं. काकांच्या घरी त्याची गंधवार्ताही नव्हती. मालकीचा दाखला नाही. होती ती वही. वही म्हणजे दाखला नव्हे, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. पण कोणती वस्तू कोणत्या साली घरात आली हे सांगणारा तेवढाच कागद होता, आणि सहापैकी दोन नोंदी १९७२ च्या आधीच्या होत्या.

वकिलाचा सल्ला घेतला. मग सहा चाकूंची यादी, दोन्ही बाजूंचे फोटो, वहीच्या पानांच्या प्रती आणि काकांच्या सहीचा अर्ज वनखात्याकडे दिला. अर्जात एक वाक्य मी आग्रहाने घालायला लावलं: मुठी हरणाच्या शिंगाच्या दिसतात, कोणत्या हरणाच्या हे तपासून ठरवावं. कारण झोलिंगनच्या एका चाकूची पट्टी मला युरोपातल्या लाल हरणाची वाटते, फिकट आणि गाभा मोठा, आणि ते ठरवणं भिंगाचं काम नाही, प्रयोगशाळेचं आहे. अर्जाची शिक्का मारलेली पोच वहीत डकवली आहे. उत्तर येईपर्यंत ते सहा चाकू जागचे हलणार नाहीत. ते जमा करा असं सांगितलं तर जमा करायचे, हे काकांनी आधीच ठरवलं आहे. “पहिलासुद्धा?” मी विचारलं. “पहिलासुद्धा. फक्त जाताना मला एकदा हातात द्या.”

हाडाच्या मुठीचा तो अमेरिकन चाकू नातवाने मागितला आहे. तो दिवाळीला येईल, तेव्हा बिल नाही तरी वहीतल्या नोंदीची प्रत सोबत देऊन, चेक-इनच्या बॅगेत नेईल.

गेल्या आठवड्यात मी गेलो तेव्हा काका खिडकीशी बसले होते, मांडीवर वही, हातात माझंच दहा पट भिंग आणि ताईंचं बोट ओळीवर टेकवलेलं. पाच नोंदींतला ‘सांबर’ शब्द त्यांनी एका सरळ रेघेने खोडला होता, पट्टी लावून. चार ठिकाणी वर ‘हाड’ लिहिलं होतं, पाचव्या ठिकाणी ‘प्लॅस्टिक’. प्रत्येकापुढे त्या दिवसाची तारीख आणि सही. मग त्यांनी ‘कासव?’ असलेलं पान काढायला सांगितलं आणि मला विचारलं, “सेल्युलॉइडमधला ‘लॉ’ कसा काढायचा?”